खरे गाव, लहान गाव



दिवाळी आली की आपल्या अंगणात मुले किल्ला करतात. दगड-विटा रचतात, वर माती लिंपतात, अळीव नाहीतर मोहरी पेरतात. चार दिवसांत हिरवळ उगवते. मग बुरूज, पायऱ्या, तळे. वर सिंहासनावर शिवाजी महाराज, खाली मावळे आणि बाजारातली गवळण. लहानपणी हा किल्ला कोणी केला नाही, असा माणूस आपल्यात सापडणे कठीण.

आज आम्ही तुम्हाला अशाच एका कामाची हकीगत सांगणार आहोत. फरक एवढाच, की आम्ही किल्ला केला नाही. आम्ही रेल्वेचा रस्ता केला. त्याच्या कडेची घरे केली, पूल केला, झाडे केली. आणि ते करताना आमचीच एक चूक आम्हाला कळली.

तुम्ही म्हणाल, चाकणकडच्या माणसाला रेल्वेचे काय? खरे आहे. चाकणला मोठमोठे कारखाने आले, पण रेल्वे अजून आलेली नाही. गाडी पकडायची तर तळेगाव नाहीतर चिंचवड गाठावे लागते. पण तुमची मुले-पुतणे कामाला पिंपरीला जातात. लोकलने येतात-जातात. म्हणून ही गोष्ट तुमचीही आहे.

आधी थोडी जुनी माहिती. आपल्या देशात माणसांची पहिली आगगाडी १८५३ साली मुंबईहून ठाण्याला गेली. पुण्याहून खंडाळ्यापर्यंत गाडी सुरू झाली ती १८५८ साली. मधला बोरघाट तेव्हा तयार व्हायचा होता. घाटाचे काम १८६३ साली पुरे झाले आणि पुणे-मुंबई रूळ जोडले गेले. त्या वेळी चिंचवड म्हणजे मोरया गोसावींचे गाव. पवनेच्या काठी त्यांची समाधी, भोवती शेते. पुढे १९५४ साली पिंपरीला पेनिसिलिनचा सरकारी कारखाना निघाला. मागोमाग इतर कारखाने आले. मग माणसे आली. कोणी मराठवाड्यातून, कोणी सोलापूर-नगरकडून, कोणी परराज्यातून.

आमचा साक्षरतेचा वर्ग अशाच लोकांचा आहे. दिवसा काम, रात्री पाटी-पेन्सिल. एकदा आम्ही वर्गाला घेऊन पुण्याला गेलो. तिथे कर्वे रस्त्याजवळ छोट्या रेल्वेचे एक संग्रहालय आहे. भाऊसाहेब जोशी नावाच्या गृहस्थांनी ते उभे केले. १९९८ साली ते लोकांसाठी उघडले. आत एक आख्खे छोटे शहर आहे. त्यात गाड्या धावतात, सिग्नल लाल-हिरवे होतात, रस्ते आहेत, पूल आहेत, सर्कस आहे. आमची मंडळी तासभर पापणी न लवता पाहत होती. जगात इतर ठिकाणीही असली कामे झाली आहेत. जर्मनीत हँबुर्ग शहरात २००१ साली अशीच एक छोटी दुनिया सुरू झाली. ती पाहायला देशोदेशीचे लोक येतात.

परत येताना लोकलमध्ये एकजण म्हणाला, "गुरुजी, असं आपल्या चिंचवडचं केलं तर?"

झाले! सगळ्यांनी कल्पना उचलून धरली. एका हितचिंतकाने छोटी गाडी आणि रूळ दिले. बारा फूट लांब आणि चार फूट रुंद फळी मिळाली. दापोडीजवळचा मुळेवरचा पूल एका टोकाला आणि चिंचवड स्टेशन दुसऱ्या टोकाला, असे ठरले.

पहिल्या आठवड्यात आम्ही अंदाजाने घरे केली. दिसायला छान. पण गाडी ठेवली आणि सगळे हसू लागले. स्टेशनचे दार डब्याहून उंच! पादचारी पुलाखालून इंजिन जाईना! माणूस केला तो खिडकीत मावेना.

तेव्हा कळले, की खऱ्यासारखे करायचे तर आधी मोजायला हवे.

आमची गाडी खऱ्या गाडीच्या सत्त्याऐंशीव्या हिश्श्याची होती. म्हणजे खरी वस्तू ८७ हात असेल, तर छोटी वस्तू १ हात. हा हिशोब प्रत्येक वेळी करणे नव्या शिकलेल्याला जड जाते. म्हणून आम्ही एक युक्ती केली. खरा १ मीटर म्हणजे छोट्यात साडेअकरा मिलिमीटर. पुठ्ठ्याची एक पट्टी घेतली. तिच्यावर साडेअकरा-साडेअकरा मिलिमीटरवर रेघा मारल्या आणि १ पासून ३० पर्यंत आकडे घातले. आता भागाकार नको. घर ४ मीटर उंच असेल, तर पट्टीवरच्या ४ पर्यंत पुठ्ठा कापायचा. संपले! साडेपाच फूट उंचीचा माणूस या हिशोबाने पाऊण इंचाचा होतो. लांब पल्ल्याच्या गाडीचा साडेतेवीस मीटरचा डबा २७ सेंटिमीटरचा होतो. विजेच्या तारा रुळांवर सुमारे साडेपाच मीटर उंच असतात. त्या सहा सेंटिमीटरहून थोड्या वर बसतात.

पण खऱ्या वस्तूचे माप कसे घ्यायचे? रुळावर उतरायचे नाही, हा आमचा पहिला नियम. त्या तारांत २५ हजार व्होल्टची वीज असते. गाडीही मनात आले की थांबत नाही. म्हणून सगळी मापे बाहेरून घेतली. भिंतीशी एक मुलगा उभा करायचा. तो पाच फूट, तर भिंत त्याच्या किती पट? विटांची भिंत असेल तर थर मोजायचे. चार थरांचा साधारण एक फूट होतो. आमच्यातला एक गवंडी होता. त्याने थर मोजता मोजता सगळ्यांना गुणाकार शिकवला!

सामान म्हणाल तर सगळे घरातले आणि भंगारातले. कारखान्यातून टाकून दिलेली पुठ्ठ्याची खोकी आणली. पुठ्ठ्याचा वरचा कागद ओला करून सोलला, की आत नागमोडी घड्या दिसतात. तेच घरांवरचे पत्रे! त्यांना राखाडी रंग दिला. वर विटकरी रंगाचे फटकारे मारले, की पत्रा गंजलेला दिसतो. काड्यापेटीच्या काड्यांची कुंपणे केली. वाळलेल्या घोसाळ्याच्या जाळीची झाडे केली. लाकडाचा भुसा हिरव्या रंगात भिजवून वाळवला. ते गवत झाले. चहाचा चोथा वाळवला. ती शेतातली काळी माती झाली. दगडाची कच चाळून घेतली आणि डिंकाच्या पाण्याने रुळांखाली चिकटवली. ती खडी झाली. जुनी वर्तमानपत्रे खळीत भिजवून थरावर थर दिले. त्यांचे टेकाड झाले.

हे करताना दोन गोष्टी ध्यानात आल्या. पहिली ऋतूची. एकाने श्रावणातले हिरवेगार गवत केले, दुसऱ्याने शेजारी लालभडक फुलांचा पळस केला. पळस शिमग्याच्या सुमारास फुलतो. श्रावणात कुठून फुलणार? शेतकऱ्याच्या नजरेला हे लगेच खटकले. मग सगळे मिळून एकच महिना ठरवला, भाद्रपद.

दुसरी गोष्ट रंगाची. नवा रंग खोटा दिसतो. खरी भिंत पावसाने काळवंडते. रुळांजवळची खडी गाड्यांच्या धुळीने तपकिरी होते. मुळेचे पाणी आम्ही आधी निळेशार केले होते. एक मुलगी म्हणाली, "गुरुजी, नदी कुठं अशी असते? तिच्यावर जलपर्णी असते." तिचे खरे होते. हिरव्या स्पंजाचे तुकडे करून आम्ही नदीवर जलपर्णी पसरली. पाहताना वाईट वाटले, पण नदी ओळखू आली.

आता जागेचे गणित ऐका. खरा १ किलोमीटर छोट्यात साडेअकरा मीटर होतो. आमची फळी पावणेचार मीटरचीही नाही. बारा डब्यांची लोकल सुमारे अडीचशे मीटर लांब. ती एकटीच जवळजवळ तीन मीटर जागा खाते! म्हणजे सगळे बसवणे अशक्य. काही ठेवायचे, काही गाळायचे. आम्ही चार डब्यांची गाडी केली. तीन स्टेशनांचे एक स्टेशन केले. गाळण्यात पाप नाही. पण काय गाळायचे, हे कोण ठरवणार? इथेच आमची चूक झाली.

रुळांच्या कडेला एक झोपडपट्टी आहे. आम्ही ती गाळली. तिथे बाग केली. पाहुणे बघायला येणार होते. चित्र सुंदर दिसावे, असे आमच्या मनात होते.

फळी पूर्ण होत आली, तेव्हा वर्गातल्या एक मावशी पुढे आल्या. धुण्या-भांड्यांची कामे करणाऱ्या. वयाच्या पन्नाशीत अक्षर शिकायला आलेल्या. त्यांनी स्टेशन पाहिले, पूल पाहिला. मग रुळाच्या कडेने बोट फिरवत आल्या आणि बागेपाशी थांबल्या.

"गुरुजी, माजं घर कुटं हाय ह्यात?"

आम्ही म्हणालो, "मावशी, जागा कमी पडली."

त्या म्हणाल्या, "बागंला बरी जागा घावली!"

एवढेच बोलल्या आणि गेल्या. दुसऱ्या दिवशी वर्गाला आल्या नाहीत. तिसऱ्या दिवशीही नाहीत.

आम्हाला रात्रभर चैन पडेना. आम्ही विटांचे थर मोजले, पळसाचा महिना तपासला, नदीवर जलपर्णीसुद्धा पसरली. आणि जिथे आमच्याच वर्गातली माणसे राहतात, ती घरे पुसून टाकली. ती बाग तिथे कधीच नव्हती. मग आमचे काम खऱ्यासारखे कसे म्हणायचे?

चौथ्या दिवशी आम्ही मावशींच्या घरी गेलो. चूक कबूल केली. म्हणालो, "मावशी, तुमची वस्ती तुम्हीच करून द्या. आम्हाला ती तुमच्याइतकी माहीत नाही."

मावशी हसल्या. म्हणाल्या, "मापाची पट्टी आनलीया का?"

त्यांनी स्वतः आकडे वाचले. दार १ मीटर ८०. भिंत अडीच मीटर. घर तीन मीटर रुंद. पट्टीवर धरून पुठ्ठा कापला. शेजारच्या बायका जमल्या. प्रत्येकीने आपापले घर केले. कोणी पत्र्यावर ठेवलेले दगड केले, वाऱ्याने पत्रा उडू नये म्हणून ठेवतात ते. कोणी दारातली तुळस केली. कोणी नळावरची हंड्यांची रांग केली. निळ्या प्लॅस्टिकचा कागद कापून एकीने गळक्या छपरावर घातला. हे आम्हाला कधी सुचले असते का?

बाग निघाली, वस्ती बसली. फळीवरचा तो कोपरा जिवंत झाला.

आता एकच काम राहिले होते. स्टेशनच्या नावाची पाटी. पिवळी पाटी, काळी अक्षरे. तुम्ही पाहिली असेल. वर्गाने एकमताने सांगितले, पाटी मावशी लिहितील. बोटभर पुठ्ठ्याच्या तुकड्यावर त्यांनी काडीच्या टोकाने अक्षरे काढली. हात थरथरत होता. 'चिं'ची वेलांटी थोडी मोठी झाली. आम्ही ती तशीच ठेवली. वीस वर्षे त्या रोज त्या पाटीखालून जात होत्या. ती वाचता येत नव्हती. आता ती त्यांनी स्वतः लिहिली.

पाहुणे आले. त्यांनी पूल पाहिला, गाडी पाहिली. पण सगळ्यात जास्त वेळ ते त्या वस्तीपाशी उभे राहिले. मावशी एकेक घर दाखवून सांगत होत्या, "ही गवळ्याची खोली. हा नळ. पानी पहाटं येतं." एका पाहुण्याने विचारले, "पहाटे किती वाजता?" मावशी म्हणाल्या, "चारला. आनि अर्ध्या तासात जातं." पाहुण्यांनी ते वहीत टिपून घेतले. नळाचे पुढे काय होते ते पाहायचे आहे. पण मावशींचे म्हणणे ऐकले गेले, एवढे खरे.

बंधूंनो, भगिनींनो, तुमच्या गावचेही असेच काम करून पाहा. रेल्वे नसली तर नसो. चाकणचा किल्ला आहे. १६६० साली फिरंगोजी नरसाळ्यांनी तो शाहिस्तेखानाशी झुंजवला. कांद्याचा बाजार आहे, कारखाना आहे, शाळा आहे. येत्या दिवाळीत मुलांच्या किल्ल्याशेजारी आपले गाव मांडा. पट्टी करा, आकडे घाला, मोजा. वडीलधाऱ्यांना विचारा, जुनी विहीर कुठे होती, वाट कुठून जात होती. जे रस्त्याखाली गेले, तेही कळेल.

आणि काम पुरे झाले, की गावातल्या प्रत्येक आळीतल्या माणसाला बोलवा. त्याला विचारा, "तुमचं घर यात सापडतंय का?"

एकानेही 'नाही' म्हटले, तर काम अजून व्हायचे आहे असे समजा.