पाण्याला वाट द्यावी
(जीर्णोद्धार समारंभात केलेले भाषण)



देवळाचा कळस लांबून दिसतो. अभिषेकाचे पाणी बाहेर नेणारे गोमुख कोणी मुद्दाम पाहात नाही. पण ते बुजले तर पाणी गाभाऱ्यातच साचेल. धरणाचेही तसेच आहे. भिंत डोळ्यांत भरते. तिला राखतात ते सांडवा, दरवाजे, पाणी सोडण्याची मोरी, दगडी अस्तर आणि पायथ्याचा चर. मातीच्या भिंतीतून थोडे पाणी झिरपणारच. ते वाळूच्या गाळणीतून चरात स्वच्छ उतरले तर चिंता नाही. गढूळ आले की समजावे, आतली माती वाहू लागली.

12 जुलै 1961 रोजी पानशेत फुटले आणि पुण्याचा नदीकाठ बुडाला. मोरीचे व तिच्या दरवाज्यांचे काम पुरे होण्याआधीच तेथे पाणी अडले होते. मोरीवरची भिंत खचली. जवानांनी रात्रभर वाळूची पोती रचली, तरी ती वाचली नाही.

आपला जिल्हाही यापासून दूर नाही. इसापूरचे दरवाजे उघडायचे म्हणजे पैनगंगेकाठच्या उमरखेड तालुक्यातील गावांना आधी इशारा द्यावा लागतो. 22 जुलै 2023 रोजी महागाव तालुक्यातील आनंदनगर तांड्याला पुराने वेढले. अशा पावसानंतर पंचनाम्याचे कागद माझ्या टेबलावर येतात. "घरात पाणी शिरले" असे त्यांत असते. नाली कशाने बुजली, असा रकाना त्यांत नसतो.

आता आपल्या अंगणाचे बोलतो. पूर्वी येथे मुरूम होता, पाणी मुरत असे. आता सुंदर फरशी झाली. सभामंडपाच्या स्लॅबचेही पाणी तिच्यावरच पडणार. उतार खालच्या आळीकडे आहे आणि तेथली घरे मातीची आहेत. देवाच्या अंगणातले पाणी गरिबाच्या चुलीत जाऊ नये, एवढीच माझी विनंती आहे.

म्हणून पावसाळ्यापूर्वी अंगणाच्या कडेने पक्की नाली बांधून ती नाल्यापर्यंत न्यावी, रस्त्याखालच्या पाइपांतील गाळ काढावा, आणि दरवर्षी मृगाआधी एक दिवस सर्वांनी श्रमदान करावे. नालीवर देणगीदाराचे नाव कोरता येत नाही, हे खरे. पण खालच्या आळीतली चूल भर पावसात पेटेल, तेव्हा ते पुण्य देवाच्या वहीत लागेलच.