कयाकमधील बैठक

शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीतील फौंड्रीत काम करणाऱ्या प्रत्येकास एक नियम ठाऊक असतो : साच्यात वाळूचा गाभा, म्हणजे कोअर, हलला की कास्टिंग वाया गेलेच. खळाळत्या पाण्यात एकट्याने हाकावयाच्या कयाक नावाच्या होडीसही हाच नियम लागू पडतो. मुळशी धरणाचे पाणी भिऱ्याच्या वीजगृहातून कुंडलिकेत उतरते. कोलाडकडे त्याच पाण्यावर हा खेळ चालतो.

नवशिक्यास वाटते, सारी करामत वल्ह्याची. वस्तुतः होडी सावरली जाते ती कमरेने व मांड्यांनी; घोडेस्वाराची मांड तीच येथली मांड. म्हणून प्रथम बैठक मागेपुढे सरकवून होडीचा तोल साधावा. मग पायांचा टेकू असा बसवावा, की पाऊल रोवताच मांड्या वरच्या आधारांस भिडतील. पाठीचा पट्टा कमरेलगत आवळावा. कमरेच्या दोन्ही बाजूंची फट फोमच्या तुकड्यांनी, थोडेथोडे तासून, भरून काढावी.

परंतु अतिरेक नको. थोड्या वेळात पायांस मुंग्या आल्या, तर आधार सैल करावेत. अखेरची कसोटी शांत पाण्यात, जाणता सोबती जवळ उभा असताना घ्यावी. होडी मुद्दाम उलटी करावी. आच्छादनाची पुढची दोरी ओढून गुडघे ढिले करताच शरीर सहज बाहेर आले पाहिजे. या कसोटीस उतरल्यावाचून कोणीही वेगवान प्रवाहात होडी लोटू नये, एवढीच माझी विनंती आहे.