समाधानी कोण, समाधानकारक काय?

घाटकोपरला राहणाऱ्या माझ्या एका विद्यार्थ्याने नोकरीचा पहिलावहिला अर्ज तपासायला आणला. शेवटी वाक्य होते, 'आय ॲम सॅटिस्फॅक्टरी विथ द सॅलरी.' त्याला म्हणायचे होते, पगार मला मान्य आहे. साहेब मात्र वाचणार, की हा गृहस्थ स्वतःच स्वतःला 'बेताचा, चालण्याजोगा' म्हणवतो! मी शब्द खोडला, तर तो म्हणाला, "सर, अर्थ समाधानाचाच ना?"

समाधानाचाच, पण कोणाच्या? मराठीत ही चूक त्याच्या हातून झाली नसती. 'मी समाधानकारक आहे' असे कोण म्हणेल? माणूस समाधानी, काम समाधानकारक. तसाच माणूस 'सॅटिस्फाइड' आणि काम 'सॅटिस्फॅक्टरी'. मन निवेल असे जेवण मात्र 'सॅटिस्फाइंग'. 'सॅटिस्फॅक्टरी' प्रगतिपुस्तकावर आला, म्हणून पेढे वाटू नयेत. गाडी रुळावर आहे, एवढेच. आणि आपण कामा'वर' समाधानी असलो, तरी इंग्रजीत तिथे 'ऑन' नको, 'विथ' हवे.

मुलुंडच्या दोन खोल्यांत जन्म काढून कधी कुरकुर न करणारी आजी समाधानी खरी, पण ती 'कन्टेन्टेड'. 'सॅटिस्फाइड' एखाद्या गोष्टीपुरता असतो. हा स्वभाव झाला. 'शी इज कन्टेन्ट' म्हटलेलेही चालते; नामाआधी मात्र 'कन्टेन्टेड'च. उच्चारताना जोर 'टेन्ट'वर द्यावा. तो पहिल्या अक्षरावर गेला, की आजीचा मजकूर होतो!

एका ठिकाणी मात्र समाधान अजिबात चालत नाही. राज्यघटनेचे ३५६ वे कलम पाहा. राज्याचा कारभार घटनेनुसार चालू शकत नाही, याविषयी राष्ट्रपती 'सॅटिस्फाइड' झाले, तर राष्ट्रपती राजवट येते. आपल्याकडे ती १२ नोव्हेंबर २०१९ रोजी आली होती. वर्गात एकाने भाषांतर केले, 'राष्ट्रपतींना समाधान वाटल्यास'. कारभार कोलमडल्याचे समाधान? पुढे 'दॅट' आले, की अर्थ होतो खात्री पटणे. १९९४ मध्ये बोम्मई खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी याच शब्दाचा कीस काढला. या खात्रीला संबंधित आधार हवा आणि तो होता की नाही, हे न्यायालय तपासू शकते, असे ठरले. नुसते समाधान असते, तर तपासायचे काय?

त्या अर्जात मी 'सॅटिस्फाइड'ही ठेवला नाही. 'द सॅलरी इज ॲक्सेप्टेबल टु मी' असे लिहून दिले. न मिळालेल्या पगाराचे समाधान आधीच कशाला?