दोघांचा एक प्रकल्प



व्याख्यानमालेच्या व्यासपीठावरून राजकारण, इतिहास, साहित्य अशा भारदस्त विषयांचा परामर्श घेण्याची प्रथा आहे. आम्ही आज घेतलेला विषय त्या मानाने लहान आहे. शाळेत दोन मुलांना मिळून एक प्रकल्प करावयास सांगतात. त्या दोघांनी एकमेकांशी बोलावे कसे आणि काम वाटून घ्यावे कसे, एवढाच तो विषय. जून जवळ आला आहे. शाळा उघडल्या की हा प्रश्न घरोघर येणार. म्हणून आमचे म्हणणे आरंभीच सांगून टाकतो. प्रकल्प पावसाचा असो की किल्ल्याचा, त्यातील खरा पाठ जोडीदाराबरोबर काम करण्याचा असतो. आणि नेमका तोच पाठ आपण मोठी माणसे मुलांच्या हातून काढून घेत आहोत.

प्रकल्पाची कल्पना जुनी आहे. अमेरिकेतील शिक्षणशास्त्रज्ञ विल्यम किलपॅट्रिक यांनी १९१८ साली प्रकल्पपद्धतीवर एक निबंध लिहिला आणि तो जगभर गाजला. मुलाने मनापासून ठरविलेला हेतू आणि तो पार पाडण्यास लागणारी इतरांची संगत, या दोन्ही गोष्टी त्यांच्या मांडणीत होत्या. आपल्याकडे १९३७ साली वर्ध्यास भरलेल्या शिक्षणपरिषदेत गांधीजींनी हातांच्या उद्योगातून शिक्षण देण्याचा विचार मांडला. १९९३ पासून राष्ट्रीय बालविज्ञान परिषद भरू लागली आणि मुले आपल्याच परिसरातील प्रश्न घेऊन त्यावर गटाने काम करू लागली. पुढे २०१० मध्ये महाराष्ट्रात आकारिक मूल्यमापन आले, तेव्हा प्रकल्प हे गुण देण्याचे एक रीतसर साधन झाले.

साधन आले, आणि त्याबरोबर पळवाटाही आल्या. वह्यापुस्तकांच्या दुकानात तयार प्रकल्प मिळू लागले. काही घरांत आई चित्रे चिकटविते, वडील मजकूर लिहितात आणि मुलगा मुखपृष्ठावर नाव घालतो. जोडीचा प्रकल्प असला तर दोन नावे घालतात. त्या दोन नावांमध्ये एक वाक्यही बोलले गेलेले नसते.

न बोलण्याने काय होते ते एका उदाहरणाने पाहू. समजा, सातवीतील दोन मुलींनी पाऊस मोजण्याचा प्रकल्प घेतला आहे. एक राहते गावठाणात, दुसरी डोंगराच्या पायथ्याच्या वाडीवर. दोन ठिकाणच्या रोजच्या पावसाची तुलना करावयाची, असा बेत. दोघींनी दहा सेंटिमीटर व्यासाची सरळ बाटली कापून पर्जन्यमापक तयार केला. ‘रोज मोजायचे हं!’ एवढे बोलून त्या आपापल्या घरी गेल्या. दोघी कामसू. जुलै-ऑगस्ट दोघींनी एक दिवस चुकविला नाही. ऑगस्टअखेर वह्या समोरासमोर आल्या, तेव्हा एकीच्या वहीत एका दिवसापुढे ५५ आणि दुसरीच्या वहीत ७! गावठाणातलीने पाणी मापात ओतून मिलिलिटर लिहिले होते, वाडीवरचीने पट्टी लावून मिलिमीटर लिहिले होते. दहा सेंटिमीटर व्यासाच्या तोंडावर एक मिलिमीटर पाऊस पडला की सुमारे ७.८५ मिलिलिटर पाणी जमते. म्हणजे दोन्ही आकडे एकाच पावसाचे! हा घोटाळा भागाकाराने सुटला. दुसरा सुटला नाही. पहिली सकाळी साडेआठास मोजीत असे, कारण हवामानखात्याची ती रीत आहे. दुसरी शाळेतून परतल्यावर संध्याकाळी मोजी. १० जुलैच्या दुपारी आलेली सर एकीकडे ११ तारखेस लागली, दुसरीकडे १० तारखेस. महिन्याची बेरीज कशीबशी जुळली, परंतु रोजची तुलना बुडाली. आणि प्रकल्प तर तिच्यासाठीच होता.

येथे आळस कोणीच केला नव्हता, लबाडीही केली नव्हती. दोघींना एकच शब्द ऐकू आला आणि दोघींनी त्याचे दोन अर्थ केले. दहा मिनिटे बोलून, ‘किती वाजता, कोणत्या मापाने, मोजल्यावर पाणी टाकावयाचे की ठेवावयाचे’ हे कागदावर लिहिले असते तर दोन महिन्यांची मेहनत वाचली असती.

मिळून काम करताना शक्ती गळते हे शास्त्रज्ञांनी मोजून पाहिले आहे. रिंगेलमान नावाच्या फ्रेंच कृषी-अभियंत्याने माणसांना दोर ओढावयास लावले. त्याचे निष्कर्ष १९१३ साली प्रसिद्ध झाले. माणसे वाढत गेली तसा प्रत्येकाच्या वाट्याचा जोर कमी होत गेला. पुढे १९७९ साली अमेरिकेत लाताने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी टाळ्या वाजविण्याचे व ओरडण्याचे प्रयोग केले. तेथेही तेच दिसले. याची कारणे दोन. एक, सर्वांचा हिसका एका क्षणी बसत नाही. दुसरे, आपला वाटा वेगळा दिसणार नाही असे वाटले की माणूस नकळत हात आखडता घेतो. आपला आवाज वेगळा मोजला जात आहे हे कळले, की हे हात आखडणे पुष्कळच कमी होते, असेही पुढील प्रयोगांत आढळले.

आमच्या दोन मुलींचे नुकसान पहिल्या कारणाने झाले. दुसऱ्या कारणाची उदाहरणे तर वर्गावर्गांत सापडतात. एक हुशार मुलगा सगळे काम अंगावर घेतो, दुसरा बाजूला उभा राहतो. आपण पहिल्याची कीव करतो आणि दुसऱ्याला ऐतखाऊ म्हणतो. परंतु नीट पाहिले तर पुष्कळदा पहिल्यानेच दुसऱ्याच्या हातून काम काढून घेतलेले असते. ‘तुला जमायचे नाही, मीच करतो’ हे वाक्य वरवर उदार दिसते, पण त्याने जोडीदाराचा शिकण्याचा हक्क जातो. आणि जो सगळे एकट्याने करतो तो मनात कुढत राहतो, बोलत मात्र नाही. शेवटच्या दिवशी भांडण होते, ते पहिल्या दिवशी न बोललेल्या गोष्टींचे असते.

मग बोलावे कसे? आमच्या मते चार सवयी पुरेत. पहिली, ठरलेले लिहून ठेवावे आणि दोघांनी वाचावे. दुसरी, जोडीदाराचे म्हणणे आपल्या शब्दांत त्याला परत सांगावे. ‘म्हणजे तू सकाळीच मोजणार ना?’ एवढा प्रश्न पुरतो. तिसरी, अडले की लगेच सांगावे. ‘माझी बाटली फुटली, चार दिवस पाऊस मोजला नाही’ हे सांगण्यात लाज नाही. त्या चार दिवसांचे आकडे मनाने भरण्यात आहे. चौथी, मतभेद कामाविषयी ठेवावा, माणसाविषयी नव्हे. ‘हा आकडा मला पटत नाही’ आणि ‘तुला मोजताच येत नाही’ या दोन वाक्यांतले अंतर ज्याला बाराव्या वर्षी कळले, त्याला पुढे संसारात आणि कचेरीत बरेच काही नव्याने शिकावे लागणार नाही.

पण येथे एक अडचण आहे, आणि ती मुलांनी निर्माण केलेली नाही. सर्व जोडीदार सारखे नसतात. एकाच्या घरी अभ्यासाची खोली असते, दुसऱ्याच्या घरी पाटी मांडावयास जागा नसते. एकाजवळ फोन असतो आणि दुसऱ्याला वडील कामावरून येईपर्यंत थांबावे लागते. एकीला संध्याकाळ मोकळी, दुसरीला धाकटे भावंड सांभाळावयाचे. एकाच्या घरची भाषा पुस्तकातील, दुसऱ्याच्या घरी पावरी किंवा गोंडी.

अमेरिकेत टेक्सासमधील ऑस्टिन शहरात १९७१ साली असाच प्रसंग उभा राहिला होता. गोऱ्या, काळ्या आणि मेक्सिकन वंशाच्या मुलांना नुकतेच एका वर्गात आणले होते आणि वर्गात तेढ माजली होती. एलियट अ‍ॅरनसन या मानसशास्त्रज्ञाने पाचसहा मुलांचे गट केले, धड्याचे तितकेच तुकडे केले आणि एकेकाला एकेक तुकडा दिला. प्रत्येकाने आपला तुकडा शिकून इतरांना शिकवावयाचा. परीक्षा मात्र पूर्ण धड्याची. घरी स्पॅनिश बोलणारा एक मुलगा इंग्रजी बोलताना अडखळे. सोबती प्रथम त्याला हसले. परंतु त्याचा तुकडा त्याच्याकडूनच मिळणार हे ध्यानात येताच ते हसणे सोडून त्याला नीट प्रश्न विचारू लागले, आणि विचारू लागल्यावर त्यांना कळले की याला पुष्कळ येते. अ‍ॅरनसन यांनी मुलांना प्रेमाने वागण्याचा उपदेश केला नाही. एकमेकांवाचून काम अडेल अशी व्यवस्था केली.

आमच्या दोन मुलींकडे परत येऊ. वाडीवरचीचे आईवडील ऊसतोडीला जाणारे आहेत असे समजा. दिवाळीच्या सुमारास बिऱ्हाड गाडीत भरले की तीही कारखान्याच्या तळावर जाते. आकडे तिने गोळा केले. लिहिण्याच्या वेळी ती गावात नाही. प्रकल्पाची वही जमा होते तेव्हा पहिल्या पानावर एकच नाव उरते, आणि कोणालाही त्यात काही वावगे वाटत नाही. वस्तुतः वाडीवरचा पाऊस तिच्यावाचून कोणी मोजलाच नसता! तिचे नाव राहिले पाहिजे, आणि ती गेल्यावरही निष्कर्ष तिला विचारून लिहिले गेले पाहिजेत. तिच्या बापाच्या फोनवर एक निरोप जाणे आज अशक्य नाही. हे तिच्या जोडीदारणीने केले, तर त्या प्रकल्पास शंभरांपैकी शंभर गुण द्यावेत, मग चित्रे वाकडी चिकटलेली का असेनात.

शिक्षकबंधूंस आमची एवढीच विनंती आहे की वही तपासून थांबू नका. दोघांना समोर उभे करा आणि प्रत्येकाला जोडीदाराच्या वाट्यातील एक प्रश्न विचारा. त्यास पाच मिनिटे लागतात. दुकानातून आणलेला प्रकल्प तेथे उघडा पडतो, आणि घरी सजविलेलाही. पालकांस आमचे सांगणे याहून अवघड आहे: कात्री आणि डिंक मुलांच्या हाती द्या, आणि जोडीदाराला घरी बोलवा. तो कोणाचा कोण, ही चौकशी करू नका. ती चौकशी झाली की मुले आपापसांत बोलावयाची थांबतात, आणि मग आपण कितीही व्याख्याने दिली तरी ती व्यर्थ आहेत.

येथे आम्ही बोललो आणि आपण ऐकले; व्याख्यानाची रीतच तशी आहे. आता आपणांस काही विचारावयाचे असेल तर अवश्य विचारावे.