योगायोगाची गोडी
(सुवर्णमहोत्सवी वर्षात मंडळाच्या सभागृहात झालेले भाषण)



रात्रीची जेवणे आटोपल्यावर पडद्यासमोर बसावे, शेकडो चित्रपटांची यादी वरखाली करावी आणि अर्ध्या तासाने काहीच न पाहता निजावयास जावे, हा अनुभव आज घरोघरी येतो. निवडीचे स्वातंत्र्य वाढले, तसा निवडीचा शीणही वाढला. मग 'वाटेल ते लाव, पण तूच लाव' असे यंत्रास सांगण्याचा मोह होतो. त्या मोहाविषयी चार शब्द बोलण्याचे आम्ही योजिले आहे.

हा मोह नवा नव्हे. ३ ऑक्टोबर १९५७ रोजी विविधभारती सुरू झाली. तिच्यावरील गाणी कोणीतरी निवडलेलीच असत; परंतु पुढचे गाणे कोणते हे श्रोत्यास ठाऊक नसे आणि निम्मी गोडी त्यातच असे. आपणां परप्रांतस्थांस आणखी एक योगायोग लाभे. सूर्यास्तानंतर मध्यम लहरी वातावरणाच्या वरच्या थरांवरून परावर्तित होऊन फार दूरवर पोचतात. त्यामुळे दिवसा मुका असलेला रेडिओ रात्री काटा हळूहळू फिरविताना बोलू लागे आणि खरखरीतून एखादे मराठी भावगीत अवचित उमटे. ते मागून मिळत नसे. म्हणून लागले की घरातील सारी मंडळी हातचे काम टाकून गोळा होत. आज तेच गीत बोटाच्या टोकावर आहे, पण त्यासाठी कोणी धावत येत नाही.

या ओढीचा अभ्यास शास्त्रज्ञांनीही केला आहे. फर्स्टर व स्किनर यांचा ग्रंथ त्याच १९५७ सालचा. दाणा केव्हा मिळेल याचा नेम नसला, की कबुतर न थांबता टोचीत राहते, असे त्यांच्या प्रयोगांत दिसले. चित्रफितींमागून चित्रफिती सरकविणारे बोट पाहिले की आम्हांस ते कबुतर आठवते. (वडीलधारी मंडळीही यास अपवाद नाहीत.)

पण यंत्राचा योगायोग खरा असतो काय? नाणे दहा वेळा उडवावे. अशा जवळजवळ निम्म्या खेपांत छापा किंवा काटा सलग चार वेळा पडतो. खरा योगायोग असा ओबडधोबड असतो, आणि माणसास तो लबाडी वाटतो. एकाच गायकाची गाणी लागोपाठ लागली, तर हे यदृच्छेने घडले यावर श्रोत्यांचा विश्वास बसेना. अखेर ती गाणी यादीत दूरदूर पसरतील अशी योजना स्पॉटिफायने केली व २०१४ साली तसे सांगितले. नेटफ्लिक्सने २०२१ मध्ये 'प्ले समथिंग' नावाची कळ आणली. वापर फार होईना म्हणून २०२३ मध्ये ती काढली. तीही आंधळी नव्हती. आपण पूर्वी काय पाहिले, हे पाहूनच ती पुढचे वाढी.

आमची चिंता येथे सुरू होते. रेडिओच्या काट्यास स्मरण नव्हते. या यंत्रांस आहे. ज्या घरातील मुले शाळेत इंग्रजी आणि शेजारी स्थानिक भाषा बोलतात, तेथे महिनोन्महिने मराठी काही पाहिले गेले नाही, तर यंत्रही ते पुढे करण्याचे कमी कमी करीत जाते. मुलांनी मराठी नाकारलेली नसते. ती त्यांच्या वाटेत येईनाशी होते.

खरा योगायोग मात्र अजून उपलब्ध आहे. मराठी विकिपीडियावर 'अविशिष्ट लेख' असा एक दुवा आहे. तो दाबला की आपण कोण, काल काय वाचले, याची विचारपूस न होता कोणताही लेख उघडतो: कधी एखाद्या तालुक्यातील लहानसे गाव, कधी परदेशचा क्रिकेटपटू. पुष्कळदा लेख चार ओळींचाच निघतो, हेही सांगावयास हवे.

आम्ही याहून साधी सोय केली आहे. ग्रंथालयाच्या मेजावर एक डबा ठेवला असून त्यात मराठी चित्रपटांच्या, नाटकांच्या व पुस्तकांच्या नावांच्या चिठ्ठ्या आहेत. 'श्यामची आई' (१९५३) आहे, 'सामना' (१९७४) आहे, 'श्वास' (२००४) आहे. दर रविवारी प्रत्येक घरातील सर्वांत धाकट्याने एक चिठ्ठी काढावी आणि निघेल ते त्या आठवड्यात सर्वांनी मिळून पाहावे वा वाचावे. चिठ्ठी बदलून मिळणार नाही.