वाचता वाचता लिहिते व्हा

गणपतीपुळ्याला गेलात, तर शेजारच्या मालगुंडलाही जरूर जा. हे कवी केशवसुतांचं जन्मगाव. तिथे त्यांचं स्मारक आहे.

पेशाने शिक्षक असलेले केशवसुत इंग्रजी कविता आवडीने वाचत. त्या वाचनातूनच त्यांनी १४ ओळींचं सॉनेट, म्हणजेच सुनीत, १८९२ मध्ये मराठीत आणलं. 'मयूरासन आणि ताजमहाल' हे मराठीतलं पहिलं सुनीत मानलं जातं. उपाशी मजूर आणि तेव्हा अस्पृश्य मानल्या जाणाऱ्या अंत्यजाचं मूलही त्यांच्या कवितेत आलं. प्रेरणा वाचनातून मिळाली, विषय मात्र इथल्या मातीतले होते.

तुम्हालाही लिहावंसं वाटतं? मग आवडलेली कविता वहीत उतरवून घ्या, तिची बांधणी पाहा आणि त्याच बांधणीत आपल्या वाडीतली एखादी गोष्ट मांडून बघा.