फिरायला म्हणूनच गेलो



दर वेळी मी इथे येते ती बचत, कर्ज, व्याज, बँकेचे कागद असलं काहीतरी घेऊन. आज त्यातलं काही नाही. आज सांगणार आहे आमच्या सहलीचं. श्रावणात आम्ही सात जणी गोव्यातल्या दिवाडी बेटावर एक रात्र आणि दोन दिवस राहून आलो. मांडवी नदीतलं बेट. समुद्रातलं नाही, पण चारी बाजूंनी पाणी आणि पाण्यावर भरती-ओहोटी, म्हणजे बेटच की!

हे सुरू झालं गेल्या वर्षीच्या एका बैठकीत. वह्या लिहून झाल्या होत्या, पाऊस थांबायची वाट बघत बसलो होतो. कोणीतरी विचारलं, घराबाहेर रात्र शेवटची कधी काढलीत? एकेक सांगू लागली. माहेरी, आईच्या आजारपणात. नणंदेच्या बाळंतपणाला दवाखान्यात. दिराच्या लग्नात. बाराव्याला. एक म्हणाली, प्रशिक्षणाला, पंचायत समितीच्या हॉलमध्ये सतरंजीवर. मग प्रश्न पुढे सरकला. कोणी आजारी नाही, कोणाचं कार्य नाही, कसलं शिकायचंही नाही, नुसतं जावंसं वाटलं म्हणून कोण गेलंय? बारा जणींच्या गटात एकही हात वर आला नाही. आमच्या काकी आहेत बासष्ट वर्षांच्या, त्यांनी तर विचारलं, असं जातात?

त्याच दिवशी डबा ठेवला. पैशाचं आधी सांगते, कारण मला फोन येतील ते यावरच. गटाच्या बचतीला हात लावायचा नाही, हे पहिल्या मिनिटाला ठरलं. गटाचा पैसा बारा जणींचा, तो एकमेकींना कर्ज द्यायला. त्यातून आठ जणी फिरायला गेल्या तर उरलेल्या चौघींनी काय करायचं? म्हणून वेगळा डबा, वेगळी वही, दोघींच्या सह्या. आठवड्याला वीस रुपये. एकीला मध्ये पाच आठवडे मजुरी मिळाली नाही. तिला कोणी विचारलं नाही आणि तिने काजूच्या हंगामात सगळे भरून टाकले. वर्षाचे एकेकीचे १,०४० झाले.

दिवाडीच का? एकतर जवळ. दुसरं म्हणजे पावसात तिथे गर्दी नसते, खोल्या परवडतात. फक्त बोंदेरांचा उत्सव असतो ऑगस्टमध्ये, झेंड्यांचा, त्याला रीघ लागते, तेवढा शनिवार टाळला. आणि आमच्या बाजूने म्हणाल तर लावणी, बेणणी उरकली होती, चतुर्थीला अजून वेळ होता. बाईला वर्षातून असे दहा-बारा दिवसच मोकळे मिळतात, तेही मोजून.

आता खरा प्रश्न आला. घरी काय सांगायचं?

काकींनी लगेच तोड काढली. बेटाच्या पलीकडच्या तीरावर नार्वेला सप्तकोटेश्वराचं देऊळ आहे. देवदर्शनाला जातो म्हणायचं, कोण अडवतंय? चार-पाच जणींच्या चेहऱ्यावर सुटल्यासारखं दिसलं. पण आमच्यात जी सगळ्यात लहान, सव्वीस वर्षांची, ती फटकन म्हणाली, "मगे पुढच्या खेपेक खंयचो देव सोदूचो?"

यावर आम्ही दोन बैठका भांडलो. काकींचं म्हणणं असं की खोटं कुठे आहे, देऊळ आहेच, आपण जाणारही आहोत. त्यांचं चुकत नव्हतं. त्यांच्या पिढीला बाहेर पडायला तीच वाट होती. वारी, जत्रा, देवीची ओटी. त्या वाटेने कितीतरी बायका जग बघून आल्या. पण मी त्या लहानीच्या बाजूने होते आणि अजून आहे. देवाचं नाव घेऊन गेलो की परवानगी देवाला मिळते, आपल्याला नाही. दुसऱ्या वेळी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. शेवटी ठरलं की ज्या त्या बाईने आपल्या घरी विचारलं तर सरळ सांगायचं, "काम काय नाय. फिराक जातंय."

सोपं गेलं नाही. एका घरी पहिला प्रश्न आला, जेवणाचं काय? त्याचं उत्तर तिच्या सासूनेच दिलं, मी मेले काय अजून, म्हणून. दोन शेजारघरांनी एकत्र चूल लावली. एकीचा नवरा नको म्हणाला नाही, पण चार दिवस बोलणं बंद केलं. ती चारही दिवस त्याच्या पुढ्यात ताट ठेवत राहिली आणि शनिवारी पिशवी घेऊन स्टेशनवर आली. आणि आठव्या बाईला येताच आलं नाही. तिचेही पूर्ण पैसे डब्यात होते. शुक्रवारी संध्याकाळी तिचा फोन आला, तुम्ही जावा, माझं जमत नाय. पैसे परत देऊ केले तर म्हणाली, राहू देत डब्यात. यापुढे तिने सांगितलं नाही, आम्हीही खोदून विचारलं नाही.

कुडाळहून सकाळच्या गाडीने करमळी. गंमत अशी की कोकण रेल्वेचा रूळ दिवाडी बेटावरूनच जातो, पण तिथे स्टेशन नाही. म्हणजे जिथे जायचं ते बेट खिडकीतून समोर आलं, हिरवीगार शेतं दिसली आणि मागे पडलं! करमळीला उतरून जुन्या गोव्यात गेलो. मोठी चर्चं बघितली, सुरेख आहेत, त्यांच्याबद्दल पुस्तकांत पुष्कळ लिहिलेलं आहे. आमचं लक्ष खाली धक्क्याकडे होतं. दिवाडीला पूल नाही. फेरीबोटीनेच जायचं, आणि पायी जाणाऱ्या माणसाला तिकीट नाही. पाचेक मिनिटांत पलीकडे. पलीकडे पोचल्यावर एक म्हणाली, एवढ्यात झालं? मग काय, फुकटच आहे म्हटल्यावर उतरलोच नाही. परत जुन्या गोव्याला, परत दिवाडीला, असं तीनदा केलं. बोटीवरचा माणूस तिसऱ्या वेळी हसायला लागला. पाऊस बारीक, नदी गढूळ, काकी कठड्याला धरून उभ्या, पदर डोक्यावरून सुटलेला. तो त्यांनी परत घेतला नाही.

उतरलो ते एका बाईंच्या घरी. त्या पाहुण्यांना दोन खोल्या देतात. पुढे बसायला दगडी बाकं असलेला ओटा, त्याला तिथे बाल्कांव म्हणतात. त्यांनी चहा आणला. चहा संपला आणि आमच्यातल्या तिघी कप उचलून उठल्या. विसळायला! बाईंनी हातातून कप काढून घेतले. तेव्हाच नियम झाला, उद्या संध्याकाळपर्यंत कोणी भांड्याला हात लावायचा नाही. पाळणं फार जड गेलं. हातांना काय करावं ते कळेना. एकीने बसल्या बसल्या सगळ्यांच्या वेण्या घातल्या. काकी पहाटे साडेचारला उठून नुसत्या बसून होत्या. मग सायकलवरून पोदेर आला भोंगा वाजवत, गरम पोई घेऊन. सकाळची भाकरी दुसऱ्याने भाजून दारात आणून दिली, हे काकी अजून गावात सांगत असतात.

दुसरा नियम, जी हप्ता, बँक, वही असा शब्द काढील तिने दहा रुपये डब्यात टाकायचे. रात्रीपर्यंत सत्तर रुपये जमले, त्यातले पन्नास आमच्या सचिवबाईंचे. मग बोललो काय? शाळेतलं. कोण चांगली धावायची, कोणाला पोहता यायचं, कोणाला मुंबईत नोकरीला जायचं होतं. पंधरा वर्षं दर आठवड्याला भेटणाऱ्या बायका आम्ही. आमच्या सचिवबाई जिल्ह्यापर्यंत खो-खो खेळल्यात, हे मला त्या रात्री कळलं.

दुपारी शेतांकडे गेलो होतो, त्याचं मात्र सांगायलाच हवं. दिवाडीची सखल शेती म्हणजे खाजण. खाऱ्या पाण्याखालची जमीन, बांध घालून शेकडो वर्षांपूर्वी मिळवलेली. पावसाने मीठ धुऊन निघालं की तिथे भात करतात. कोरगूट नावाचं जुनं बियाणं आहे, ते खारेपणा सोसतं. आणि बांधाला दार असतं, त्याला मानस म्हणतात. चिऱ्याच्या बांधकामात टांगलेली लाकडी फळी. भरती आली की नदीचं पाणी बाहेरून ढकलतं आणि दार आपोआप मिटतं. ओहोटीला बाहेरचं पाणी उतरलं की आतलं पाणी दार ढकलून निघून जातं. वीज नको, माणूस उभा राहायला नको. ओहोटीला तिथे जाळं लावून मासे धरतात, आणि त्या मासळीच्या हक्काचा लिलाव होतो. पूर्वी बांधांची डागडुजी गावकारी करायची, म्हणजे गावाची मिळून व्यवस्था. बांध एका ठिकाणी फुटला तर सगळ्यांच्याच शेतात खारं पाणी, त्यामुळे माझा बांध तुझा बांध करून चालत नाही.

आमच्यातल्या एकीचं शेत खाडीला लागून आहे. तीन वर्षं खारं पाणी शिरून पडीक आहे. घरचे म्हणतात, सोडून दे. ती त्या दारापाशी तासभर उभी होती. आम्ही पुढे जाऊन परत आलो तरी तिथेच. फळी कशी टांगलीय, खालून किती फट, कोपऱ्यात काय लावलंय, सगळं बघून घेतलं. नियमाप्रमाणे कामाचं बोलायचं नव्हतं, म्हणून काही बोलली नाही. पण परतल्यावर तिने शेजारच्या चार शेतवाल्यांना घरी चहाला बोलावलं आहे. बांध एकटीचा होत नाही, हे तिला माहीत आहे. बघू काय होतं ते.

रविवारी बेटाच्या दुसऱ्या टोकावरून फेरीने नार्वेला उतरलो. सप्तकोटेश्वर कदंब राजांचं कुलदैवत. मूळ देऊळ दिवाडीवर होतं, पोर्तुगीजांनी मोडलं. देव नदीपार नार्वेला आला आणि शिवाजी महाराजांनी १६६८ साली तिथलं देऊळ बांधून घेतलं. काकींनी मनापासून दर्शन घेतलं. बाहेर आल्यावर त्या लहानीकडे बघून म्हणाल्या, देव काही रागावलेला दिसला नाही.

तिथून डिचोलीमार्गे म्हापसा आणि मग आपली एसटी. गोव्याच्या हद्दीत पूर्ण तिकीट, पत्रादेवीच्या अलीकडे आपलं महिलांचं अर्धं तिकीट लागू. कंडक्टरशी हिशेब सचिवबाईंनी केला, तोवर नियम संपला होता.

घरं जागच्या जागी होती. ज्यांचं बोलणं बंद होतं त्या दादांनी तिसऱ्या दिवशी जेवताना विचारलं म्हणे, "ती बोट केवढी आसता गो?"

आता हिशेब. राहण्याचे २,८००, जेवण-चहाचे २,३५०, प्रवासाचे १,४५०. एकूण ६,६००. सात जणींच्या ७,२८० मधले ६८० उरले, दंडाचे सत्तर वेगळे. आठव्या बाईचे १,०४० वहीत तिच्या नावावर आहेत.

पुढचं ठिकाण काकींनी सुचवलं. मालवणचा सिंधुदुर्ग किल्ला. तोही बेटावरच, कुरटे बेटावर. जन्म या जिल्ह्यात काढला पण त्या होडीत त्या कधी बसलेल्या नाहीत. पावसाळ्यात होड्या बंद असतात, म्हणून तुळशीचं लग्न झाल्यावर जायचं. सकाळी निघून दिवेलागणीला घरी परत येता येतं, रात्र काढावी लागत नाही. हे काकी बोलल्या तेव्हा आठवी समोरच बसली होती. तिने त्या दिवशी वीसच्या दोन नोटा डब्यात टाकल्या.